मतलई वारा समुद्रावरून येत नाही

प्रश्न असा आला आहे: "ऑक्टोबरच्या उन्हाळ्यावरच्या बातमीत 'समुद्रावरून येणाऱ्या मतलई वाऱ्यांमुळे कोकण किनारपट्टीवर उकाडा वाढला, पुढचे दोन-तीन दिवस अशीच हवा राहील' असं ऐकलं. मतलई म्हणजे नक्की काय? मतलबी वारा, असं एकांनी सांगितलं. आणि अशा हवेला 'उमस' म्हटलेलं मराठीत चालतं का?"

वाक्य साफ उलटं आहे. समुद्रावरून येतो तो खारा वारा. जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई. ही जोडी शाळेच्या भूगोलात असते, कोण कधी आणि का वाहतो हेही तिथेच असतं, त्यामुळे ते इथे उगाळत नाही. पण मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, म्हणजे हा शब्द बातमीत यायची खरी वेळ असते तेव्हाच, हमखास समुद्र आणि जमीन यांची अदलाबदल होते. 'खारा' शब्द समोर असताना समुद्राचा वारा मतलई कसा होतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

मुळात वेधशाळेने सांगितलेलं असतं ते असं. किनाऱ्यावर एरवी अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुटतो आणि पारा तिथेच अडतो. पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून येणारा कोरडा मतलई जोरात असला की खाऱ्या वाऱ्याला आत शिरता येत नाही. मग तो दोन-तीन वाजता कधीतरी येतो, आणि मधल्या दोन-तीन तासांत तापमान चढायचं तेवढं चढून घेतं. म्हणून समुद्र जवळ असूनही सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद होऊ शकली. तेव्हा गुन्हेगार समुद्र नव्हे. समुद्र उशिरा पोचलेला साक्षीदार. (जाता जाता: असा एखादा दिवस आला की लगेच 'उष्णतेची लाट' म्हणायची घाई नको. किनारपट्टीसाठी हवामान खात्याचा निकष कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त, असा दुहेरी आहे. आणि 'तापमान गरम आहे' म्हणणाऱ्यांशी तर मी बोलतच नाही. तापमान वाढतं, उतरतं. गरम होते ती हवा.)

आता 'मतलई'. मतलबाशी याचा काडीचा संबंध नाही. मतलबवाले सांगतात की पहाटे हा वारा होडी समुद्रात ढकलून देतो, नाखव्याचा मतलब साधतो, म्हणून मतलई. गोष्ट गोड आहे, पण मग शेवटचा ब गेला कुठे? 'मतलब', 'तलब', 'तालीब' ही एका धातूची मंडळी, आणि त्यातलं कुणीही मराठीत येताना ब टाकून आलेलं नाही. एकट्या मतलईने तो कुठल्या बंदरात उतरवून ठेवला?

शब्द अरबीच, पण धातू वेगळा: त-ल-अ, अर्थ उगवणे. त्यावरून 'मतला', म्हणजे उगवायची जागा, म्हणजेच पूर्व. गझल वाचणाऱ्यांना मतला ओळखीचा आहे. गझल जिथून उगवते तो पहिला शेर. त्याच मतल्याला 'ई' लागून मतलई: उगवतीकडचा वारा. याच घराण्यातला आपला 'तालेवार' माणूस. ताले म्हणजे उगवतीचा तारा, म्हणून नशीब, आणि ज्याचं नशीब उगवलं आहे तो तालेवार. जुन्या दफ्तरांतली 'इत्तला', म्हणजे खबर, हीही इथलीच. ग्रँट रोडच्या मैफलीतला मतला, पेशवाईतला तालेवार सावकार आणि हर्णै बंदरातला पहाटवारा हे सख्खे चुलतभाऊ आहेत, हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो मी प्रश्नकर्त्यावर लादतो आहे, याची कल्पना आहे. पण अजून थोडं ऐकून घ्यावं.

कुणी म्हणेल, अरबीत या शब्दाच्या शेवटी घशातून काढायचा 'ऐन' हा वर्ण आहे, त्याचं काय झालं? जे नेहमी होतं तेच. 'जमा', 'नफा', 'तमा' या तिन्हींच्या शेवटी मुळात ऐन होता. मराठीने तो गिळला आणि मागे 'आ' ठेवला. 'तमा' तर आरंभीच्या अरबी जड त-सकट आपल्या त-ल-अ या धातूच्या मापाचाच आहे. जनाची तमा न बाळगणाऱ्या भाषेला एका ऐनाची काय तमा!

आणि दर्यावर्दी लोक वाऱ्याला असं नाव देतील का? अहो, त्यांचं अख्खं होकायंत्रच या शब्दावर उभं होतं. अरब नाखुदे क्षितिजाचे बत्तीस भाग करत आणि ते ताऱ्यांच्या नावांनी ओळखत. तारा जिथे उगवतो तो त्याचा मतला, मावळतो तो मगीब. पंधराव्या शतकातल्या अहमद इब्न माजिदच्या नौकानयनावरच्या लिखाणात हीच परिभाषा आहे. या वर्तुळात थेट पूर्व म्हणजे 'अत्-ताइर'चा मतला, आणि अत्-ताइर म्हणजे आपला श्रवण नक्षत्राचा तारा. ही माणसं आपल्या किनाऱ्याला नवखी नव्हती. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी कोकणातल्या चौलला येऊन गेला; त्याच्या लेखनात ते 'सैमूर' आहे. मोसम, खलाशी, सुकाणू हे शब्द याच वाटेने आले. एवढा सगळा संसार उतरवून घेतला आणि वारा तेवढा परत पाठवला, असं कसं होईल?

यावर नेहमीचा आक्षेप: मतला म्हणजे पूर्व, मग मराठीत 'जमिनीवरचा' हा अर्थ कुठून आला? नकाशा काढा. कोकणात समुद्र पश्चिमेला आणि सह्याद्री पूर्वेला. इथे पूर्वेचा वारा म्हणजेच जमिनीवरचा वारा. दोन अर्थ एकाच दिशेला उभे होते, बोलणाऱ्यांनी दुसरा उचलला. हाच शब्द चेन्नईच्या कोळ्यांनी घेतला असता तर तिथे मतलई समुद्रावरून आला असता, आणि आपल्या बातमीदाराचं वाक्य निदान तिथे तरी बरोबर ठरलं असतं. ज्यांना प्रत्येक शब्द संस्कृतातूनच काढायचा असतो त्यांनी 'मतलई'च्या मुळाशी 'मृत्तिका' आणि 'तल' वगैरे बसवायचे प्रयोग जरूर करावेत. फक्त मधली अक्षरं कशी झिजली तेही दाखवावं. 'म' ला 'म' जुळला की व्युत्पत्ती झाली, हा हिशेब मला मान्य नाही.

दिशा ओळखायला पुस्तकही लागत नाही. सकाळी नऊला बंदरावर जा. भरती-ओहोटीची ओढ फार नसेल तर नांगरून ठेवलेल्या होड्या वाऱ्याकडे तोंड करून असतात. मतलई असताना सगळ्यांची तोंडं गावाकडे. खारा वारा सुटला की एकेक होडी हळूहळू फिरते आणि समुद्राकडे बघू लागते. शिडाच्या दिवसांत हेच वेळापत्रक होतं: पहाटे मतलईवर बाहेर, दुपारी खाऱ्यावर घरी.

आता त्या वाक्यातली दुसरी चूक. 'मतलई वाऱ्यांमुळे उकाडा' हेही जमत नाही. उकाडा आला उकडण्यातून, आणि उकडायला पाणी लागतं. मोदक उकडतो, पापड भाजतो. काढा आणि उकाडा एकाच 'क्वथ्'चे, दोन्हींत ओल आहे. मतलई कोरडा असतो. त्या दिवशी दांडीवरचे कपडे तासाभरात कडक होतात, ओठ फुटतात, कापून पसरलेलं भात झटपट वाळतं आणि शेतकरी मनातून खूशही असतो. त्याला परतीच्या पावसाची धास्ती असते. मोसमी पाऊस मुंबईतून जाण्याची सर्वसाधारण तारीखच ८ ऑक्टोबर. या भाजण्याला मराठीत तलखी आहे, काहिली आहे, रखरख आहे. दुपारनंतर खारा वारा आला की पारा उतरतो, पण हवेत दमटपणा भरतो, सदरा पाठीला चिकटतो. तो उकाडा. म्हणजे बातमी अशी हवी होती: 'मतलई वाऱ्यांचा जोर राहिल्याने खारे वारे उशिरा सुटले आणि किनारपट्टीवर तापमान वाढले.' चार शब्द जास्त गेले असते, एवढंच.

'उमस' राहिलंच. तो हिंदी शब्द आहे. हिंदीत छान आहे.