लॅपटॉपवर व्हिडिओ एन्कोडिंग मंदावते, तेव्हा अडसर नेमका कुठे असतो?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये चार कोर आणि आठ थ्रेडचा (एकाच वेळी आठ कामे चालवणारा) प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क आहे. हँडब्रेक हा प्रोग्राम वापरून मी तासाभराचे १०८०पी व्हिडिओ एच.२६५ या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात बदलतो, म्हणजे एन्कोड करतो. सुरुवातीला सेकंदाला ४० फ्रेम होतात. पाच-सात मिनिटांनी वेग २२ वर येतो आणि शेवटपर्यंत तेवढाच राहतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर मात्र सतत १०० टक्के दिसतो. एक मित्र एसएसडी घ्यायला सांगतो, दुसरा रॅम वाढवायला. आधी काय बदलू?

उत्तर : तूर्त काहीही विकत घेऊ नका. आपण वेग दोनदा मोजलात हे फार चांगले केलेत, कारण अडसराचा माग त्या दोन आकड्यांतच आहे. डिस्क किंवा रॅम अपुरी असती, तर काम पहिल्या मिनिटापासूनच रखडले असते. सुरुवात जोरात होते आणि काही मिनिटांनी वेग जवळजवळ निम्मा होऊन तिथेच स्थिरावतो, याचा अर्थ बहुधा असा की प्रोसेसर तापतो आहे आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करतो आहे.

टास्क मॅनेजरमधल्या १०० टक्क्यांवरून प्रोसेसर पूर्ण गुंतलेला आहे एवढेच समजते. तो किती गतीने काम करतो आहे ते समजत नाही. त्याच खिडकीत गिगाहर्ट्झमध्ये दिसणारी गती पाहा. ती सुरुवातीला ४ असेल आणि वेग पडल्यावर २.२ झाली असेल, तर ४० फ्रेमच्या २२ का झाल्या याचा हिशेब तिथेच जुळतो. सोबत एचडब्ल्यूइन्फोसारख्या साधनाने तापमानही पाहा. गती पडते तेव्हा तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात असेल, तर कारण उष्णता हेच होय. तापमान ७५ च्या आसपास असूनही गती पडत असेल, तर निर्मात्याने ठरवलेली वीजमर्यादा आड येत असते. लॅपटॉप बॅटरीवर चालत असल्यास, चार्जर कमी वॅटचा असल्यास किंवा वीजबचतीचा पर्याय निवडलेला असल्यास ती अधिकच लवकर आड येते. प्रोसेसरला या मर्यादेपेक्षा थोडा वेळ जादा वीज वापरण्याची मुभा असते, ती मात्र सहसा मिनिटभरातच संपते. आपला सुरुवातीचा वेग त्यानंतरही काही मिनिटे टिकतो, म्हणून माझा कल उष्णतेकडे आहे.

डिस्कविषयी साधे गणित करून पाहा. मूळ व्हिडिओ सेकंदाला २० मेगाबिटचा आणि ३० फ्रेमचा धरला, तर ४० फ्रेमच्या वेगानेही सेकंदाला साडेतीन मेगाबाइटपेक्षा कमीच वाचावे लागतात, आणि जुनी हार्ड डिस्कसुद्धा सलग वाचनात याच्या कितीतरी पट देते. विनासंकुचित व्हिडिओ असेल तर गोष्ट निराळी : १०८०पीची ८ बिटची एक फ्रेम सुमारे ३.१ मेगाबाइटची असते आणि अशा ३० फ्रेम म्हणजे सेकंदाला सुमारे ९३ मेगाबाइट होतात. तिथे हार्ड डिस्क खरोखरच अपुरी पडू शकते. रॅम पूर्ण भरून डिस्कवर सतत अदलाबदल चालू नसेल, तर ती वाढवून या कामात फारसा फरक पडणार नाही.

ज्या वाचकांना प्रोसेसर ३०-४० टक्क्यांवरच अडकलेला दिसतो, त्यांची अडचण वेगळी आहे. आठ थ्रेडपैकी एकच थ्रेड पूर्ण राबत असेल, तर एकूण आकडा केवळ १२.५ टक्के दिसतो, म्हणून प्रत्येक थ्रेडचा आलेख स्वतंत्रपणे पाहावा. अशा वेळी मी एक चाचणी आवर्जून करायला सांगतो : एन्कोडरचा (नव्या स्वरूपात बदल करणाऱ्या भागाचा) प्रीसेट, म्हणजे वेग आणि दर्जाची तयार निवड, ‘मीडियम’वरून ‘व्हेरीफास्ट’ करावा. तरीही वेग वाढला नाही, तर अडसर एन्कोडरच्या आधीच्या टप्प्यात, म्हणजे डीकोडिंगमध्ये (मूळ व्हिडिओ उलगडण्यात) किंवा एकाच थ्रेडवर चालणाऱ्या एखाद्या फिल्टरमध्ये (चित्रावरच्या जादा प्रक्रियेत) असतो. फिल्टर बंद करून पुन्हा मोजले की तो त्यांपैकी कुठे आहे ते कळते.

इंटेलचे क्विक सिंक (२०११ पासून) किंवा एनव्हिडियाचे एनव्हीएन्क (२०१२ पासून) असे चिपमध्येच बसवलेले स्वतंत्र एन्कोडर लॅपटॉपमध्ये असल्यास आणि ते एच.२६५ हाताळत असल्यास प्रोसेसरवरचा भार बराच उतरतो. मात्र संथ प्रीसेटवरच्या एक्स२६५ (प्रोसेसरवर चालणारा एच.२६५ एन्कोडर) इतका दर्जा मिळवायचा, तर फाइल सहसा मोठी होते; म्हणून जपून ठेवायच्या चित्रणासाठी मी हा मार्ग सुचवत नाही.

आपण आधी हवेच्या जाळ्या आणि पंखा साफ करून घ्या, लॅपटॉप गादीवर न ठेवता टणक, सपाट जागी मागची कड किंचित उचलून ठेवा, आणि मूळ चार्जर लावून त्याच व्हिडिओचा पहिला पंधरा मिनिटांचा भाग पुन्हा एन्कोड करा. दहाव्या मिनिटाचा वेग, गती आणि तापमान लिहून ठेवा. तापमान तरीही शंभराला भिडत असेल, तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) जाणकाराकडून बदलून घ्या आणि हीच चाचणी पुन्हा करा.