पनामा सिटीत दोन दिवस आहेत, त्यातला एक पोर्तोबेलोसाठी काढावा का?

हो, नक्की काढा, इतिहासाची ओढ असेल तर पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर याच्या तोडीचं गाव मला दुसरं दिसत नाही. 1597 मध्ये वसलेल्या या बंदरात पेरूची चांदी खेचरांच्या पाठीवरून जंगलातून यायची आणि इथेच स्पेनला जाणाऱ्या जहाजांवर चढायची. म्हणून तर 1668 मध्ये समुद्री लुटारू हेन्री मॉर्गनने ते लुटलं आणि 1739 मध्ये इंग्रज आरमाराने जिंकलं. तटबंदीचा दगड हात लावून बघा, तो प्रवाळाचा आहे. गंजलेल्या तोफा आजही खाडीकडे तोंड करून आहेत. 21 ऑक्टोबरला गेलात तर काळ्या ख्रिस्ताचा, म्हणजे गावच्या चर्चमधल्या काळ्या ख्रिस्तमूर्तीचा, उत्सव मिळेल. जांभळे झगे घातलेले भाविक पायी येतात, काही जण तर शेवटचा टप्पा रांगत पार करतात. मात्र गर्दी प्रचंड असते.

एक लक्षात ठेवा: पोहण्याजोगा वाळूचा किनारा गावात नाही, त्यासाठी होडी करावी लागते. इथली तटबंदी 2012 मध्ये युनेस्कोच्या धोक्यातील वारशांच्या यादीत गेली, म्हणून पडक्या भिंतींवर चढू नका. पाऊस टाळायचा तर जानेवारी ते मार्च बरा.