‘आईला सांगू नकोस’ असं भाची म्हणाली तर

एका मावशीचा प्रश्न होता: ‘माझी भाची दहावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे आली होती. रात्री भांडी पुसता पुसता म्हणाली, “मावशी, मी खूप खाते आणि मग उलटी काढते. पण आईला सांगू नकोस, शपथ घे.” मी शपथ घेतली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. आता ती सांगलीला परत गेली आहे. बहिणीला सांगितलं तर पोर पुन्हा माझ्याशी मन मोकळं करणार नाही. नाही सांगितलं आणि काही झालं तर?’

मावशीच्या जागी कधी आत्या असते, कधी क्लासच्या बाई, कधी क्रीडाशिक्षक. पेच तोच असतो. म्हणून हे प्रकरण, ओळख पटेल असे तपशील बदलून, जरा सविस्तर मांडत आहोत.

आधी उत्तर: आईवडिलांना सांगायचंच. आणि ते भाचीला अंधारात ठेवून सांगायचं नाही.

सांगायचंच, यामागचं कारण शरीरात आहे. वारंवार उलट्या झाल्या की पोटातल्या आम्लाबरोबर पाणी आणि क्षार जातात आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. हृदयाचे ठोके नीट पडायला पोटॅशियम लागतं. ते फार उतरलं तर ठोक्यांची लय बिघडते, आणि त्याआधी बाहेरून काही दिसेलच असं नाही. या मुलीचं वजन वयाला साजेसं होतं, मार्क चांगले होते, घरात कुणाला शंका नव्हती. या आजाराला बुलिमिया म्हणतात आणि बुलिमियात मूल बहुधा हाडकुळं दिसत नाही. ‘चांगली तर दिसतेय’ या वाक्यात अनेकांचे महिने वाया जातात.

मावशीला खुणा विचारल्या तेव्हा एकेक आठवत गेल्या. जेवण झालं की लगेच बाथरूम आणि आत नळ चालू. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी सुजल्यासारखे गाल. तिथल्या लाळग्रंथी फुगतात. बोटांच्या पेरांवर वळ. फराळाच्या डब्यातल्या चकल्या दोन दिवसांत संपलेल्या आणि पाहुण्यांसमोर मात्र ‘मला नको’. यातली एखादी खूण एकटी काहीच सिद्ध करत नाही. चकल्या कोणत्याही घरात संपतात. एकत्र आल्या आणि टिकून राहिल्या तर विचारायला हवं.

उपवासांचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या घरांत आजार तिथे सहज लपतो. ही मुलगी वर्षभरात सोमवार, चतुर्थी आणि मग गुरुवारही धरू लागली होती. आजी कौतुक करत होती. साबुदाण्याची खिचडीही नको, नुसतं लिंबूपाणी, असं झालं तेव्हा कुणीतरी थांबायला हवं होतं. उपवास श्रद्धेचा असेल तर तो सोडताना भीती वाटत नाही. सोडायच्या विचारानेच मूल घाबरत असेल, रडत असेल, तर प्रश्न श्रद्धेचा राहिलेला नाही.

आता त्या रात्रीच्या ओट्यापाशी येऊ. मुलं अशा गोष्टी समोरासमोर बसून क्वचित सांगतात. भांडी पुसताना, स्कूटरवर मागे बसून, अंधारात गादीवर पडल्यावर सांगतात, कारण तेव्हा नजर चुकवता येते. म्हणून ऐकताना हातातलं काम थांबवून तिला समोर बसवायची घाई करू नये. मावशी पुसत राहिली, हे फार बरं झालं.

पहिल्या १० मिनिटांत बोलायचं ते थोडकं असावं. ‘मला सांगितलंस, बरं केलंस.’ ‘हा आजार आहे, तुझा दोष नाही, आणि यातून बरं होता येतं.’ मग तीन प्रश्न: साधारण किती वेळा होतं? चक्कर, छातीत धडधड, उलटीत रक्त असं काही झालंय का? जगणं नकोसं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का? तिसरा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही; उलट ज्याच्या डोक्यात तो आधीच आहे त्याला सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल तर मुलाला एकटं सोडायचं नाही आणि घरच्यांना त्याच रात्री कळवायचं.

काय बोलू नये, तेही तितकंच महत्त्वाचं. ‘अगं, तू कुठे जाड आहेस?’ हे प्रेमाने म्हटलेलं वाक्यही बोलणं पुन्हा शरीरावर नेतं. वजन किती, कधीपासून किती उतरलं, हे आकडे डॉक्टरांसाठी राहू द्यावेत. कसं करतेस, याचे तपशील खोदू नयेत. ‘उद्यापासून बंद कर’ म्हणणं तर निरुपयोगीच, कारण तिला बंद करता येत असतं तर तिने सांगितलंच नसतं.

शपथेचं काय करायचं? मावशीने फोन करून भाचीला जे सांगितलं ते जवळजवळ असं होतं: ‘तू सांगितलंस ते मी चघळणार नाही. काकांना नाही, शेजारी नाही, तुझ्या भावाला नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल ते मी एकटीने पोटात ठेवू शकत नाही. आईला कळायला हवं. कसं कळवायचं ते तू ठरव.’ मग तीन वाटा पुढे ठेवल्या. तू सांग, मी शेजारी बसते. मी सांगते, तू शेजारी बस. किंवा तू लिही, मी आईला देते आणि ती वाचेपर्यंत तुझ्याबरोबर थांबते. मुदतही ठरवली: येत्या रविवारपर्यंत. मुदत नसेल तर ‘परीक्षा होऊ दे’ म्हणता म्हणता दोन महिने जातात. आणि रविवारच्या आत चक्कर किंवा धडधड झाली तर मुदत रद्द, हेही आधीच बोलून घेतलं.

भाची पहिल्यांदा चिडली. तिने दोन दिवस फोन उचलला नाही. असं होतं, आणि त्यावर मागे हटू नये. मावशीने रोज एकच निरोप पाठवला: ‘मी आहे. रविवारी येतेय.’ तिसऱ्या दिवशी भाचीने वहीतल्या कागदावर लिहिलेल्या चार ओळींचा फोटो पाठवला. आईसाठीची चिठ्ठी.

आईला सांगायची वेळ दुपारची निवडावी, जेवणाची कधीच नाही. मावशीने बहिणीला आधी फक्त एवढंच म्हटलं, ‘ताई, एक गोष्ट सांगायची आहे. ऐकून झाल्यावर पहिलं वाक्य रागाचं नको.’ आईला धक्का बसला आणि लगेच अपराधी वाटलं: माझ्या डब्यात काय कमी होतं? या आजाराचं मूळ कुणाच्या स्वयंपाकात नसतं. आनुवंशिक कल, डाएटिंग, चिडवाचिडवी, परिपूर्णतेचा हट्ट, चिंता अशी अनेक कारणं गुंफलेली असतात. पालकांना दोष देऊन उपचारात काडीची मदत होत नाही, आणि उपचारात त्यांचाच हात सगळ्यात जास्त लागतो.

समुपदेशनाच्याही आधी बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन. तिथे मोघम ‘अशक्तपणा आहे’ म्हणू नये. ‘आठवड्यातून अनेकदा उलट्या काढते’ असं स्वच्छ सांगावं, नाहीतर टॉनिक घेऊन परत याल. तपासायचं ते असं: नाडी आणि रक्तदाब आधी आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर, तापमान, ईसीजी, रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, साखर, हिमोग्लोबिन. पाळी ३ महिने चुकली असेल तर तेही सांगावं. जागेपणी नाडी ५० च्या खाली असेल, उभं राहताच वरचा रक्तदाब २० पेक्षा जास्त उतरत असेल, भोवळ येऊन पडली असेल, उलटीत रक्त असेल, तर ओपीडीची वाट न पाहता थेट रुग्णालय. आणि एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी: रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही असं होत नाही. शरीर बराच काळ तोल सांभाळून घेतं. मुलगी महिनोन्‌महिने फारच कमी खात असेल, तर घरी एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं असतं, कारण त्यात फॉस्फरस अचानक घसरू शकतो. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टरांनीच सांगावं.

दातांच्या डॉक्टरांकडेही एक फेरी हवी. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू आम्लाने झिजते. उलटीनंतर लगेच ब्रश केला तर मऊ झालेला थर आणखी घासला जातो. फक्त पाण्याने चूळ भरावी.

यानंतर मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. किशोरवयीन मुलांसाठी कुटुंबाला बरोबर घेऊन केलेल्या उपचाराला सगळ्यात भक्कम आधार आहे. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०१७ च्या सूचनांत बुलिमियाच्या अशा उपचारासाठी साधारण ६ महिन्यांत १८ ते २० सत्रं सांगितली आहेत. औषध दिलं तरी ते एकटं पुरत नाही.

या मुलीचं चक्र कागदावर काढलं तेव्हा आईला पहिल्यांदा उमगलं. सकाळी नाश्ता नाही. डबा मैत्रिणींना. संध्याकाळी क्लासहून आल्यावर भुकेने जीव कासावीस, मग हाताला लागेल ते. मग लाज, उलटी, आणि ‘उद्या काहीच खायचं नाही’ असा निश्चय. घरचे संध्याकाळच्या खाण्यावर पहारा ठेवायला निघाले होते. खरी गाठ सकाळच्या उपाशी राहण्यात होती. दिवसभर रिकामं ठेवलेलं पोट संध्याकाळी सूड घेणारच. म्हणून पहिली पायरी: ३ जेवणं, २ ते ३ मधली खाणी, आणि कोणत्याही दोन खाण्यांत ३-४ तासांपेक्षा जास्त अंतर नाही. भूक असो वा नसो, आदल्या संध्याकाळी खूप खाणं झालेलं असो वा नसो, सकाळचे पोहे वेळेवर. जेवणाला कुणीतरी सोबत, आणि जेवणानंतर तासभर एकत्र बसायचं: पत्ते, मालिका, गणिताचा पेपर, काहीही. बाथरूमला जायचं ते जेवणाआधी. उलटीची ओढ लाटेसारखी येते आणि थांबलं तर ओसरते.

घरात काही गोष्टी बिघडल्याही. वडिलांनी काळजीने वजनकाटा आणला आणि रोज सकाळी उभं करू लागले. मुलगी आठवडाभर पुन्हा जेवेना. काटा घरातून गेला, वजन फक्त दवाखान्यात. आईने एकदा बाथरूमचं दार बडवलं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं. त्यापेक्षा नंतर शांतपणे ‘आज अवघड गेलं ना? पुढचं खाणं ठरल्या वेळेलाच’ एवढंच म्हणायचं ठरलं. आजीला उपवासांचं सांगणं सगळ्यात जड गेलं. ते शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, औषधाची सूचना सांगावी तसं: पूर्ण बरी होईपर्यंत एकही उपवास नाही. आजीने ते ऐकलं. लग्नकार्यात ‘बारीक झालीस गं, छान दिसतेस’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना थोपवण्याचं काम मात्र मावशीने घेतलं.

मावशीची खरी कसोटी इथून पुढे होती. ती रोज ‘आज जेवलीस का? झालं का?’ असे मेसेज करू लागली आणि भाची तिच्याशीही खोटं बोलू लागली. जेवणाची जबाबदारी आईवडिलांची; मावशीने ती जागा सोडून द्यायची होती. तिने आठवड्यातून एकदा फोन ठेवला, त्यात सिनेमा, मैत्रिणी, बोर्डाची परीक्षा. खाण्याचा विषय भाचीने काढला तरच.

मुलग्यांमध्येही हे होतं, बहुधा जिम आणि प्रोटीन पावडरच्या आड, आणि त्यांना विचारायचं कुणाला सुचत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, जो क्लासच्या बाई नेहमी विचारतात: आईवडिलांनी ‘नाटकं आहेत’ म्हणून उडवून लावलं तर? मग कुटुंबातलं ज्यांचं घरात ऐकलं जातं असं दुसरं माणूस शोधावं आणि मुलाला निदान ईसीजी व पोटॅशियमच्या तपासणीपर्यंत पोचवावं. कागदावरचा रिपोर्ट काही पालकांना पटतो. शाळेत असाल तर मुख्याध्यापक आणि शाळेच्या समुपदेशकांना कळवून तारीखवार नोंद ठेवावी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, विनाशुल्क बोलता येतं. मूल स्वतःही फोन करू शकतं. मुलाची हेळसांड होत असेल तर १०९८, म्हणजे मुलांसाठीची चाइल्डलाइन. आणि मूल भोवळ येऊन पडलं तर कुणाच्या होकाराची वाट न पाहता १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, पालकांना वाटेतून कळवावं.