पझेशन लांबलंय, फ्रिज खोक्यात आहे आणि घरात रोज भांडण

"फ्लॅट बुक केलाय, पझेशन पुढे पुढे चाललंय, भाडंही चालू आणि बँकेचं व्याजही चालू, फर्निचरसाठी जेमतेम अडीच लाख बाजूला काढलेत. आत्तापासून थोडं थोडं घेऊन ठेवावं का चावी मिळेपर्यंत थांबावं? आमची यावरून रोज वादावादी होते." या धर्तीचा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला गेल्या दोन-तीन वर्षांत इतकी जोडपी आलीत की आता कुणी फ्लॅटचं नाव काढलं की मी आधी विचारते, घरात भांडण कोण सुरू करतं? त्यातल्या एका जोडप्याबद्दल लिहितेय, त्यांना विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

दोघं पुण्यात धनकवडीला भाड्याने राहतात. तो शिरवळच्या एका कंपनीत, कात्रजहून कंपनीची बस पकडतो, ती सातारा रोडवर एका लॅबमध्ये. लग्नाला चार वर्षं झालीत. आंबेगावला टू बीएचके बुक केलाय ५८ लाखांचा, लोन ४४ लाख. पझेशन डिसेंबरचं होतं, मग मार्च झालं, मग "गणपतीनंतर नक्की" असं साइट ऑफिसने सांगितलं. ते जुलैत पहिल्यांदा आले तेव्हा एकमेकांशी नीट बोलतही नव्हते, तो दाराकडे तोंड करून बसला होता आणि ती सगळं माझ्याकडे बघून सांगत होती.

कारण विचारलं तर म्हणाली, "मॅडम, फ्रिज."

मागच्या दसऱ्याला सेलमध्ये नवा फ्रिज घेतला, नव्या घरासाठी म्हणून. घरमालकाचा जुना फ्रिज किचनमध्ये आहेच, खालून पाणी गळतं त्याच्या, त्यामुळे रोज रात्री खाली फडकं लावावं लागतं. आणि नवा बाहेरच्या खोलीत खोक्यासकट उभा. त्याच्यावर चादर टाकलीय, चादरीवर इस्त्री, गाड्यांच्या चाव्या, लाइट बिलं. नऊ महिने! मी म्हणलं वापरत का नाही, तर दोघंही एकदम म्हणाले "तो नव्या घराचा आहे ना." त्या दिवसात दोघांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट. फ्रिजची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते, तो खोक्यात असला तरी, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, म्हणजे वर्षाच्या वॉरंटीतले नऊ महिने एकदाही प्लग न लावता गेले होते.

फ्रिज एकटा नव्हता. तिने तुळशीबागेतून डबे, पडद्याचं कापड, बेसिनजवळ लावायचा आरसा असं बरंच आणून पलंगाखाली ठेवलं होतं, आणि एका एल शेप सोफ्याला पाच हजार ॲडव्हान्स दिला होता. हे सगळं तो "नसते खर्च" म्हणायचा. आणि त्याने काय केलं होतं तर एका इंटिरिअरवाल्याकडून पूर्ण घराचं पॅकेजचं कोटेशन आणलं होतं, पावणेसात लाखांचं, मॉड्युलर किचन, दोन वॉर्डरोब, टीव्ही युनिट, फॉल्स सीलिंग सगळं धरून. हातात दोन लाख साठ हजार. बाकीचे चार लाख पर्सनल लोन काढून. ही गोष्ट तिला बँकेच्या फोनवरून कळली आणि मग जो भडका उडाला तो माझ्यापर्यंत आला.

आता इथे पटकन वाटतं की हा पैशाचा प्रश्न आहे, बजेट करून द्यावं आणि मोकळं व्हावं. मीही पूर्वी तसंच करायचे. पण माझा अनुभव असा आहे की न मिळालेल्या घराच्या सामानावरून जे भांडतात ते बऱ्याचदा सामानावरून भांडत नसतात. दुसऱ्या वेळी ती एक वही घेऊन आली. वहीत ब्रोशरमधल्या प्लॅनची झेरॉक्स चिकटवलेली, त्यावर पेन्सिलने सोफा, दिवाण, डायनिंग टेबल काढलेलं. डायनिंग टेबल इतक्या वेळा खोडून परत काढलं होतं की तिथे कागद पातळ होऊन मागच्या पानावरचं अक्षर दिसत होतं. मी विचारलं, हे कधी काढतेस? म्हणाली, रात्री हा झोपल्यावर. तो हे पहिल्यांदाच बघत होता. काही बोलला नाही, पण वही हातात घेतली.

मग हळूहळू निघालं. तिचं लहानपण भाड्याच्या घरांत गेलं, दर अकरा महिन्यांनी ॲग्रीमेंट संपलं की नवी खोली, आणि तिची आई काही खोकी उघडायचीच नाही, कशाला उघडायची परत बांधायचीच आहेत म्हणून. काचेचे सहा ग्लास होते त्यांच्याकडे, ते तिने कधी वापरलेले बघितले नाहीत, शेवटच्या शिफ्टिंगमध्ये फुटलेले बघितले. तिच्यासाठी आरसा विकत घेणं म्हणजे घर होणारच आहे असं स्वतःला सांगणं होतं. आणि तो? हा बिल्डर त्याने निवडला होता. तिला धायरीचा रेडी फ्लॅट आवडला होता, लहान होता पण तयार होता, यानेच म्हणलं होतं की थांबू, मोठं घेऊ. तारीख पुढे गेली की ती विचारायची "काय म्हणाले साइटवर?" आणि याला तो प्रश्न आरोपासारखा लागायचा. मग तो कोटेशन आणायचा. घर वेळेत देता येत नाही तर निदान भारी करून देऊ, असं काहीतरी ते होतं. हे त्याने स्वतः सांगितलं, खाली बघून, आणि सांगताना त्याचा आवाज बदलला होता.

मी विचारलं की घर अजून वर्षभर मिळालंच नाही तर काय, हे तुम्ही एकमेकांशी कधी बोललात का. दोघंही गप्प. मग ती म्हणाली "असं तोंडातून काढू नये म्हणून." मला हे नेहमी दिसतं, अशुभ बोलायचं नाही म्हणून भीती बोलायची नाही, मग ती भीती सोफ्याच्या रंगावरून बाहेर पडते.

भीती बोलून झाली की मग आकडे बघता येतात, त्याच्या आधी नाही. आम्ही कागदावर मांडलं. दोघांचे मिळून हातात ८२ हजार. बँकेने लोनची पूर्ण रक्कम अजून दिलेली नाही, त्यामुळे सध्या प्री-ईएमआय, म्हणजे दिलेल्या रकमेवरचं नुसतं व्याज, २४ हजार आणि भाडं १३ हजार, म्हणजे ३७. चावी मिळाली की पूर्ण ईएमआय सुरू होणार, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ३८ हजारांच्या आसपास, पण भाडं सुटणार. म्हणजे ओझं जवळजवळ तेवढंच, वर मेंटेनन्स. हे बघून दोघांचे खांदे जरा खाली आले, कारण त्यांच्या डोक्यात नुसतं "हप्ता वाढणार" एवढंच होतं. पण त्यात चार लाखांचं पर्सनल लोन टाकलं, तेरा टक्क्यांनी तीन वर्षांचं, तर महिन्याला साडेतेरा हजार आणखी. त्याच्या आईवडिलांना पाच जातात ते वेगळेच. आणि पझेशनच्या वेळी बिल्डर वर्ष-दोन वर्षांचा मेंटेनन्स एकदम मागतात, मीटरचे वगैरे पैसे असतात, ते या अडीच लाखांतूनच जाणार, हे तर धरलंच नव्हतं. समुपदेशकाने निर्णय समोरच्याला घेऊ द्यावा असं आम्हाला शिकवलं जातं आणि ते बरोबरच आहे, पण पर्सनल लोन काढून फॉल्स सीलिंग करू नका हे मी सरळ सांगितलं. वाईट वाटलं तर वाटू दे.

फ्लॅटचं ॲग्रीमेंट वाचलंय का विचारलं तर ते बँकेत आहे म्हणाले, झेरॉक्सही उघडलेली नव्हती. मी वकील नाही, पण एवढं सगळ्यांनाच सांगते: घर घेणाऱ्यांसाठीचा रेरा कायदा २०१६ चा आहे, महाराष्ट्रात त्याखालचं प्राधिकरण, महारेरा, १ मे २०१७ पासून आहे, आणि त्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे ॲग्रीमेंटमधल्या तारखेला ताबा दिला नाही आणि तुम्ही घर सोडायचं नाही असं ठरवलं तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मागायचं का नाही, कसं मागायचं ते वकिलाला विचारा. प्रोजेक्टचा नंबर महारेराच्या साइटवर टाकून पूर्णत्वाची तारीख काय दिलीय ते तरी बघा. त्याने माझ्यासमोरच फोनवर उघडलं. साइटवर तारीख पुढच्या मार्चची होती. गणपतीची नाहीच. मला वाटलं आता परत भांडण होणार, तर ती त्याला म्हणाली, "म्हणजे तुलापण माहीत नव्हतं." तो म्हणाला नाही. बस्स, एवढंच. पण महिनोन्महिने तिला वाटत होतं की हा माझ्यापासून लपवतोय.

मग मी त्यांना एक काम दिलं जे मी बऱ्याच जणांना देते. पावणेसात लाखांचं कोटेशन बाजूला ठेवा आणि वेगवेगळ्या कागदांवर लिहा, नव्या घरात पहिल्या रात्री झोपायला काय लागेल. तिने लिहिलं गादी, पंखा, बादली-मग, शेगडी, दोन ताटं, बेडरूमच्या खिडकीला जुनी साडी, मच्छरदाणी, आतून कडी. त्याने पहिलीच ओळ लिहिली होती "अण्णांना खुर्ची." अण्णा म्हणजे त्याचे वडील, गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. अख्खं आयुष्य कसब्यातल्या वाड्यात दोन खोल्यांत काढलं त्यांनी. मी विचारलं अण्णांना काय वाटतं फर्निचरबद्दल, तर जरा ओशाळून म्हणाला की ते त्यांचं गोदरेजचं लोखंडी कपाट आणि सागवानी आरामखुर्ची न्या म्हणून मागे लागलेत, पण नव्या घरात ते जुनाट दिसेल. ती एकदम वळली, "मला हे सांगितलं नाहीस!" तिला कपाट हवं होतं. वॉर्डरोबच्या कोटेशनमधले लाखभर रुपये तिथेच कमी झाले, पण मला त्याहून मोठं वाटलं ते हे की कुणीतरी काहीतरी द्यायला उभं होतं आणि नवेपणाच्या हट्टापायी ते नाकारलं जात होतं.

पुढचं त्यांचं त्यांनीच केलं. एका रविवारी परवानगी काढून टेप घेऊन साइटवर गेले, टाइल्स बसल्या होत्या. हॉल ब्रोशरवर साडेदहा फूट, टेपवर दहा फूट दोन इंच, आणि दाराच्या मागे कॉलम पुढे आलेला, तो एल शेप सोफा ठेवला असता तर बाल्कनीचं दार अर्धंच उघडलं असतं. दुकानदाराने ॲडव्हान्स परत नाही दिला पण दुसऱ्या वस्तूत धरायला तयार झाला. किचन ट्रॉल्या नंतर, आधी नुसता ओटा आणि खाली मांडणी. प्लायवूडचं जे काही करायचं ते चावीनंतरच, आणि सिंकखाली पाण्यात टिकणारा बीडब्ल्यूपी ग्रेड घ्या एवढं त्याच्या कंपनीतल्या एका सुतारकामवाल्या मित्राने सांगितलं. कोथरूडमधलं एक कुटुंब बदली होऊन चाललं होतं, त्यांच्याकडून डायनिंग टेबल साडेचार हजारात ठरलं, पण ठेवायला जागा नाही म्हणून हे दोघं आत्ता नेत नाही म्हणाले आणि ते हातचं गेलं. त्याचं तिला फार वाईट वाटलं, त्या दिवशी सेशनमध्ये रडली. मी समजूत काढली नाही, रडू दिलं. वाट बघण्यात काही गोष्टी जातातच.

सासूबाईंचं मात्र अजून आहे. वास्तुशांतीला चार माणसं येणार, रिकामं घर कसं दाखवायचं. याने आईला सांगितलं की अण्णांची खुर्ची हॉलमध्ये मधोमध ठेवणार आहे, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण आता फोनवर निदान सीलिंगचा विषय काढत नाहीत.

परवा आले होते. पझेशन झालेलं नाही, साइट ऑफिस आता दिवाळीनंतर म्हणतंय आणि हे दोघं मार्च धरून चाललेत. वकिलाची अपॉइंटमेंट पुढच्या शनिवारी आहे. जाता जाता ती म्हणाली, मॅडम फ्रिज उघडला. वॉरंटीचे तीन आठवडे उरले होते, चालू करून बघितला, ठीक आहे. जुना फ्रिज घरमालकाने नेला. खोकं भंगारवाल्याला दिलं आणि ते गेल्यावर बाहेरच्या खोलीत एवढी जागा झाली की आता रात्री तिथे चटई टाकून दोघं खाली बसून जेवतात.