इफ-एल्स असताना पॅटर्न मॅचिंग कशाला?

तुम्ही विचारलंय की हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत सगळे पॅटर्न मॅचिंगचा (माहितीच्या प्रत्येक रूपासाठी वेगळी ओळ लिहिण्याचा) आग्रह धरतात, पण तेच काम इफ-एल्सनं होतं, मग ते नुसतं दिसायला सुटसुटीत आहे का? नाही. तुम्ही विसरलेली केस (शक्यता) कंपायलर, म्हणजे कोड तपासून मशीनसाठी तयार करणारा प्रोग्राम, दाखवून देतो, यासाठी ते वापरायचं.

मी वर्धा जिल्ह्यात जिनिंगवरच्या कापूस खरेदीचा प्रोग्राम सांभाळतो, म्हणून उदाहरण तिथलंच देतो. हमीभाव खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, ८ च्या वर १२ पर्यंत कपात, १२ च्या वर गेला की माल परत. इफ-एल्स लिहिताना आपण ओलावा म्हणजे एक आकडा धरतो. मीटर बंद असला की ऑपरेटर तिथं शून्य टाकतो. शून्य ८ पेक्षा कमीच, त्यामुळे पहिल्या वेचणीच्या ओल्या कापसालाही पूर्ण चुकारा निघतो. म्हणून आधी टाइप (माहिती कोणकोणत्या रूपांत असू शकते ती व्याख्या) नीट करा: ओलावा एकतर ‘मोजला’ आणि सोबत टक्के, नाहीतर ‘मोजला नाही’. मग फंक्शन असं होतं (कल्पना कळावी म्हणून मराठीत लिहितोय):

भाव मोजला_नाही = थांबवा
भाव (मोजला ट)
  | ट <= ८ = पूर्ण
  | ट <= १२ = कपात (ट - ८)
  | ऑदरवाइज = परत

उद्या ‘पुन्हा मोजायचा’ ही तिसरी शक्यता टाइपमध्ये घातली, की ती जिथं जिथं हाताळायची राहिली त्या प्रत्येक फंक्शनवर जीएचसी हा हॅस्केलचा कंपायलर बोट ठेवतो. त्यासाठी ‘वॉल’ फ्लॅग (-Wall, इशारे चालू करणारा पर्याय) लावलेला हवा. ‘वेरर’ही (-Werror, इशाऱ्यालाच एरर मानणारा) जोडा, म्हणजे बिल्डच अडेल. रस्ट भाषेत तर फ्लॅग न लावताही एरर येते. पायथन भाषेत ३.१० आवृत्तीपासून मॅच-केस ही तशीच सोय आहे, पण राहिलेल्या केसबद्दल ते स्वतःहून काही बोलत नाही.

हा फायदा एका अंडरस्कोअरनं (_ म्हणजे ‘काहीही चालेल’) घालवता येतो. शेवटी ‘बाकी सगळं इकडे’ अशी ओळ टाकली की नवी शक्यता गुपचूप तिच्यात जाते आणि कंपायलर गप्प बसतो. आपल्याच टाइपच्या शक्यता असतील तर एकेक नाव घेऊन लिहा, कंटाळा आला तरी.

आकड्यांच्या गार्डला (वरच्या | नं सुरू होणाऱ्या अटींना) मात्र ऑदरवाइज, म्हणजे ‘नाहीतर’ची ओळ, लागतोच. तिथं क्रमही तुम्हीच सांभाळायचा, कारण ओळी वरून खाली तपासल्या जातात. १२ ची ओळ ८ च्या आधी आली तर पूर्ण भाव कोणालाच मिळणार नाही, आणि कंपायलर त्यावर हूं की चूं करणार नाही. त्यामुळे ८, ८.१, १२ आणि १२.१ या चार आकड्यांच्या टेस्ट लिहाच.