तोंड आलंय, घोट उतरत नाही

प्रश्न : वडिलांच्या घशाला रेडिएशन चालू आहे, तिसरा आठवडा. तोंड इतकं आलंय की मिठाच्या पाण्याची चूळ भरली तरी कळवळतात. माउथवॉशने तर डोळ्यांत पाणी आलं. चुळा बंद कराव्यात का?

उत्तर : चुळा बंद करू नका, पाणी बदला. बहुतेक मीठ जास्त पडतंय. ‘चिमूटभर’ म्हणजे प्रत्येकाच्या हातात वेगळंच असतं. उकळून कोमट केलेलं 1 लिटर पाणी घ्या. त्यात 5 मिलिचा एक सपाट चमचा मीठ आणि तेवढाच खायचा सोडा विरघळवा. हा खारटपणा शरीरातल्या द्रवांच्या जवळपास जातो, म्हणून फारसा झोंबत नाही. सोड्याने तोंडातला आंबटपणा कमी होतो आणि दोरीसारखी चिकट झालेली लाळ सुटते. बेकिंग पावडर चालणार नाही, तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं. पाणी रोज नवं करा, उरलेलं रात्री ओतून द्या.

एक घोट तोंडात घ्यायचा, दोन्ही गालांत आणि जिभेखाली अर्धा मिनिट हळू फिरवायचा आणि थुंकायचा. खाल्ल्यावर दर वेळी, झोपताना, आणि एरवी दर चार तासांनी. रात्री जाग आली तर तेव्हाही. घसा सुजलेला असताना मान मागे टाकून गुळण्या केल्या तर ठसका लागतो, तेवढं टाळा.

माउथवॉश झोंबला तो बहुधा अल्कोहोलमुळे. लेबल वाचा, अल्कोहोल असेल तर ती बाटली बाजूला ठेवा. ब्रश अगदी मऊ घ्या, वापरण्याआधी कोमट पाण्यात बुडवा.

आता घशाचं. चूळ गालापर्यंत पोचते, गिळताना जिथे टोचतं तिथे नाही. तिथे वेदनाशामकच लागतं, आणि ते दुखून हैराण झाल्यावर घेण्यात अर्थ नाही. जेवणाआधी साधारण अर्धा तास घेतलं की जेवताना असर असेल, अशी वेळ डॉक्टरांकडून बांधून घ्या. लिडोकेनचं बधिर करणारं औषध दिलं असेल तर ते किती, गिळायचं की थुंकायचं आणि त्यानंतर किती वेळाने खायचं, हे नीट विचारा. तोंड बधिर असताना गाल चावला जातो, भाजलेलं कळत नाही, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

खाणं कोमट आणि पातळ ठेवा. तिखट, आंबट, कुरकुरीत नको. वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. ते घसरू लागलं तर ‘पुढच्या भेटीत सांगू’ म्हणून थांबू नका. आणि एक आधीच सांगतो : रेडिएशन संपल्यावरही आग लगेच थांबत नाही, आणखी काही आठवडे राहते. उपचार चुकला असा अर्थ काढू नका.

प्रश्न : आईची केमो आहे. बर्फ चघळला की तोंड येत नाही, असं कोणीतरी सांगितलं. खरं आहे का?

उत्तर : औषधावर अवलंबून आहे. फ्लुरोयुरासिल एकदम शिरेतून टोचून देतात तेव्हा उपयोग होतो. इंजेक्शनच्या 5 मिनिटं आधी बर्फाचे तुकडे तोंडात ठेवायचे आणि एकूण 30 मिनिटं फिरवत राहायचं. थंडीने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोचतं. ते रक्तातून लवकर उतरतं म्हणून अर्धा तास पुरतो. तेच औषध पंपाने दोन दिवस थेंबथेंब चालू असेल तर कोण एवढा वेळ बर्फ धरणार? ऑक्झॅलिप्लॅटिन सोबत असेल तर बर्फ नकोच : त्या औषधाने थंडी सोसत नाही, घसा आवळल्यासारखा होतो. आधी नर्सकडून औषधाचं नाव लिहून घ्या.

प्रश्न : जिभेवर पांढरा थर आहे. अन्न चिकटलंय की बुरशी?

उत्तर : ओल्या गॉझने हलकेच पुसा. दह्यासारखे ठिपके निघून खाली लालभडक दिसलं तर बुरशीची शंका घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. मात्र थर निघाला नाही म्हणून बुरशी नाहीच, असं धरू नका. निस्टॅटिन हे बुरशीचं औषध दिलं तर कवळी काढून, तोंडभर फिरवून घ्यायचं. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश लगेच मागेपुढे वापरू नका, दोन्ही एकमेकांना निकामी करतात. केमो चालू असताना ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट झाला तर रात्र असली तरी रुग्णालयाला फोन करा. पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजा, नंतर मोजला तर तो लपलेला असतो.