लॉकडाऊनमध्ये बांधकाम कामगारांना मदत खरंच मिळाली का?

मिळाली, पण सगळ्यांना नाही. मी सांगलीत फरशी बसवतो, त्यामुळे आमच्या नाक्यावर जे बघितलं तेच सांगतो.

मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात रुग्ण सापडले तेव्हाच जिल्हा हादरला होता, आणि २५ तारखेपासून देशच बंद. विश्रामबागेतल्या एका बंगल्याची हॉलमधली निम्मी फरशी बसली होती, निम्मी तशीच राहिली. हजेरीवरच्या माणसाकडं साठवण ती किती असणार?

पहिल्यांदा धावून आली ती गल्ली. २०१९ च्या महापुरात मदत वाटलेल्या पोरांकडं कुठल्या घरात किती माणसं याची वही तयारच होती. तीच घेऊन तांदूळ, तूरडाळ, तेल दारात ठेवून गेली. आधार कार्ड कुणी मागितलं नाही. आणि आमच्या किराणावाल्यानं तीन महिने उधारी लिहून घेतली. माझ्या मते सगळ्यात मोठी मदत तीच, पण तिचा फोटो कोण काढणार!

सरकारी पैसे राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडून थेट खात्यावर आले. एप्रिल २०२० मध्ये २,००० जाहीर झाले, ऑगस्टमध्ये ३,०००, आणि दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ ला, १,५००. हा पैसा बांधकामांवरच्या १ टक्का उपकरातून जमतो, म्हणजे आमच्याच नावाचा. मेख एकच, मंडळाकडची नोंदणी चालू पाहिजे. माझ्या जोडीदाराची होती, त्याला मिळाले. माझ्याकडून नूतनीकरणासाठी एका एजंटानं ५०० रुपये घेतले होते, पण कागद पुढं सरकलाच नव्हता. एकाच हॉलमध्ये दोघं काम करत होतो, एकाच्या मोबाईलवर मेसेज वाजला, दुसऱ्याच्या नाही. चूक माझीही होती, पोचपावती मागितली नव्हती.

रेशनचंही तसंच. आमचं कार्ड केशरी आणि अन्नसुरक्षा यादीत नाव नाही, त्यामुळे माणशी ५ किलो मोफत तांदूळ आम्हाला नव्हता. मे-जूनमध्ये मात्र केशरी कार्डालाही ८ रुपयांनी गहू आणि १२ रुपयांनी तांदूळ मिळाला, तेवढाच आधार. ऊसतोडीला आलेल्या लोकांचे हाल तर आमच्याहून वाईट, गाव लांब आणि वाटा बंद. त्यांना घरी सोडायचा निर्णय व्हायला १७ एप्रिल उजाडला.

तुम्ही या कामात असाल तर नोंदणीला आणि नूतनीकरणाला लागणारा, वर्षातून ९० दिवस काम केल्याचा दाखला वेळेत काढा. ठेकेदार सही द्यायला टाळाटाळ करतो. मग ग्रामसेवकाकडं किंवा महापालिकेत जा. ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांसाठीचं केंद्र सरकारचं कार्ड) काढलं म्हणजे मंडळाची नोंदणी झाली असं समजू नका, दोन्ही वेगळी. माझं नूतनीकरण आता मीच करतो. तारीख कटरच्या पेटीच्या झाकणावर मार्करनं लिहून ठेवलीय.